एक खरं जनुक हाताने वाचा: डीएनएपासून प्रथिनापर्यंत

ठाण्यातल्या नौपाड्यात माझ्या घरी संध्याकाळी अकरावी-बारावीची मुलं जीवशास्त्र शिकायला येतात. डीएनए म्हणजे काय, असं विचारलं की उत्तर तयार असतं: दुपेडी सर्पिल, वॉटसन आणि क्रिक, १९५३. मग मी फळ्यावर डीएनएची नऊ अक्षरं लिहिते आणि विचारते, यातून कोणती अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्या, येतील? खोली एकदम शांत होते. व्याख्या पाठ असते, आकृतीही सुबक काढलेली असते, पण त्या अक्षरांपासून प्रथिनापर्यंतची वाट कुणी स्वतः एकदाही चाललेलं नसतं.

म्हणून हा धडा मी आता एकाच जनुकाला धरून शिकवते. ते जनुक म्हणजे बीटा-ग्लोबिन. आपल्या अकराव्या गुणसूत्रावर ते असतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांपैकी दोन त्याच्या हुकमावर बनतात. ते लहान आहे, जेमतेम १६०० अक्षरांचं, आणि त्यातली ४४४ अक्षरंच प्रथिनाचा मजकूर सांगतात. त्याची सुरुवातीची काही अक्षरं तुम्ही कागदावर उतरवून वाचलीत, तर प्रतिलेखन, भाषांतरण, उत्परिवर्तन हे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत. दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. चार रंगांचे कार्डशीट, स्केल, कात्री, चिकटपट्टी आणि पेन्सिल जवळ घ्या. खोडरबर लागणारच.

पहिली पायरी: डीएनए डोळ्यांनी बघा

कागदाकडे जाण्याआधी स्वयंपाकघरात जा. जानेवारीत जांभळी नाक्याच्या बाजारात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, ती मिळाली तर उत्तम. बागेतल्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्यात दोनच, त्यामुळे डीएनए भरपूर मिळतो. एरवी एक पिकलेलं वेलची केळं पुरतं.

फळ वाटीत काट्याने कुस्करा. दुसऱ्या वाटीत अर्धी वाटी पाणी, पाव चमचा मीठ आणि एक चमचा भांडी घासायचं लिक्विड हलक्या हाताने, फेस न काढता मिसळा. हे पाणी फळात घाला, दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. मग ओल्या मलमलच्या कापडातून काचेच्या उभ्या ग्लासात गाळा. औषधाच्या दुकानातून ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून ठेवा आणि बाटली बंद करून अर्धा तास बर्फाच्या भांड्यात बुडवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, आणि गॅस बंद असल्याशिवाय ओट्याजवळ झाकण उघडू नका, कारण ते झटकन पेट घेतं. ग्लास तिरका धरून गार अल्कोहोल कडेने अगदी बारीक धारेत सोडा. गाळलेल्या रसाइतकंच घ्या. ते वर तरंगलं पाहिजे.

आता हात लावू नका. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा उत्साहाने लगेच चमच्याने ढवळलं. दोन्ही थर एकत्र झाले, हाती गढूळ पाणी राहिलं आणि मुलं हिरमुसली. दोन-चार मिनिटं नुसतं बघत राहिलात, तर दोन थरांच्या मध्ये पांढरट, बुडबुड्यांत अडकलेले तंतू वर चढताना दिसतात. टूथपिकभोवती ते सुतासारखे गुंडाळता येतात. हा शुद्ध डीएनए नसतो. त्यात आरएनए, प्रथिनं आणि फळातलं पेक्टिनही मिसळलेलं असतं. पण डीएनए त्यात नक्की आहे, आणि तो धाग्यासारखा लांब आहे हे बोटांना कळतं.

या तीन वस्तूंनी काय केलं, तेही समजून घ्या, पुढे कामाला येईल. पेशीचं आणि केंद्रकाचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं, ते साबणाने फोडलं. डीएनएच्या कण्यातल्या प्रत्येक फॉस्फेटवर ऋण भार असतो, म्हणून धागे एकमेकांना दूर ढकलतात. मिठातल्या सोडियमने तो भार झाकला. आणि अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही, म्हणून तो बाहेर पडला. फ्रीडरिश मीशर यांनी १८६९ साली जर्मनीत ट्यूबिंगेनला जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला आणि केंद्रकात सापडला म्हणून त्याला ‘न्यूक्लीन’ म्हटलं. हा आनुवंशिकतेचा पदार्थ आहे, हे पटायला त्यानंतर सात-आठ दशकं गेली.

दुसरी पायरी: शिडी बांधा

माप असं धरा: खऱ्या डीएनएत एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंत ०.३४ नॅनोमीटर अंतर असतं, आपण ३.४ सेंटीमीटर घेऊ. म्हणजे आपली शिडी खऱ्याच्या दहा कोटी पट मोठी. शिडीची रुंदी खऱ्यात २ नॅनोमीटर, आपल्याकडे २० सेंटीमीटर. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. याच मापाने तो बांधायला बसलात तर दोन लाख किलोमीटर कार्डशीट लागेल, चंद्राच्या निम्म्या वाटेच्याही पुढे. आपण दहाच पायऱ्या करणार आहोत.

दोन सेंटीमीटर रुंद अशा दोन लांब पट्ट्या कापा. हे दोन्ही बाजूंचे कणे: साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट. आता अक्षरं. अ‍ॅडेनिन (ए) हिरवं, ग्वानिन (जी) पिवळं, थायमिन (टी) गुलाबी, सायटोसिन (सी) निळं. ए आणि जी ही प्युरिन, त्यांच्या रेणूत दोन कडी असतात, म्हणून त्यांचे तुकडे १० सेंटीमीटर लांब कापा. टी आणि सी ही पिरिमिडिन, त्यांच्यात एकच कडं, म्हणून ६ सेंटीमीटर. आता गंमत बघा: लांब तुकड्याला आखूड जोडलात की कण्यांसकट बरोबर २० होतात. दोन लांब जोडलेत तर शिडी २४ वर फुगते, दोन आखूड जोडलेत तर १६ वर आवळते. डीएनए सगळीकडे एकाच जाडीचा का, हे कात्री हातात असताना जितकं पटतं तितकं वाचून पटत नाही.

ए समोर टी, जी समोर सी. ए-टीमध्ये दोन हायड्रोजन बंध, जी-सीमध्ये तीन. पेन्सिलीने तेवढ्या तुटक रेघा काढा. डाव्या कण्यावर वरून खाली आपल्या जनुकाच्या मजकुराची पहिली दहा अक्षरं चिकटवा:

एटीजी जीटीजी सीएटी सी

समोरचा पेड मी सांगत नाही, तुम्हीच भरा. भरून झाला की बंध मोजा. पाच जोड्या ए-टीच्या, पाच जी-सीच्या, एकूण पंचवीस यायला हवेत.

जोड्यांचा हा नियम एर्विन चारगाफ यांच्या मोजमापांत आधीच दडलेला होता: कुठल्याही सजीवाच्या डीएनएत ए जितकं, तितकंच टी, आणि जी जितकं, तितकंच सी. परीक्षेत ‘जी २० टक्के असेल तर ए किती’ असं विचारतात ते यावरूनच. सी-ही २०, राहिले ६०, त्यातले निम्मे ए, म्हणजे ३० टक्के. आरएनएसाठी हे गणित चालवू नका. तो बहुधा एकपेडी असतो, त्याला समोरची जोडी सांभाळायची नसते.

आता शिडीला पीळ द्या. दहा पायऱ्यांत एक पूर्ण वेढा, तोही उजव्या हाताचा: उजव्या हाताचा अंगठा वर धरला की बोटं ज्या बाजूला वळतात, त्या बाजूने पेड वर चढले पाहिजेत. प्रत्यक्षात एका वेढ्यात साधारण साडेदहा जोड्या बसतात, पुस्तकं दहा लिहितात, परीक्षेपुरतं तेच धरा. पिळाचा भक्कम पुरावा रोझालिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेल्या क्ष-किरणांच्या छायाचित्रातून आला. वॉटसन आणि क्रिक यांचा लेख ‘नेचर’मध्ये २५ एप्रिल १९५३ ला छापून आला. फ्रँकलिन १९५८ साली अवघ्या ३७ व्या वर्षी गेल्या आणि या शोधाचं नोबेल दिलं गेलं १९६२ मध्ये. मी वर्गात वॉटसन-क्रिक यांच्याआधी त्यांचं नाव लिहिते, तुम्हीही वहीत तसंच लिहावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरी पायरी: दिशा लिहा, मगच पुढे जा

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. बारावीला माझेही गेले होते. पेपरात दिलेला पेड उलट बाजूने सुरू होता, मी टोकं बघितलीच नाहीत आणि सगळं उत्तर शेंड्याकडून बुडख्याकडे लिहून आले.

डीएनएतल्या साखरेच्या पाच कार्बनना क्रमांक आहेत. पहिल्यावर अक्षर टांगलेलं असतं, पाचव्यावर फॉस्फेट, तिसऱ्यावर पुढची कडी जोडायची जागा. म्हणून पेडाचं एक टोक फाइव्ह प्राइम आणि दुसरं थ्री प्राइम. शिडीचे दोन्ही पेड परस्परविरुद्ध दिशेने जातात. ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा आणि खाली बघा. अप मार्ग सीएसएमटीकडे, डाउन मार्ग कल्याणकडे, रूळ शेजारी-शेजारी पण गाड्या उलट-सुलट. डाव्या पेडाचं फाइव्ह प्राइम वर असेल तर उजव्याचं खाली.

तुमच्या कार्डाच्या डाव्या पेडावर वरच्या टोकाला ‘फाइव्ह’, खालच्याला ‘थ्री’ लिहा. उजव्या पेडावर वर ‘थ्री’, खाली ‘फाइव्ह’. डीएनए असो की आरएनए, नवा धागा नेहमी फाइव्ह प्राइमकडून थ्री प्राइमकडेच वाढतो, कारण नवी कडी जोडायची जागा फक्त थ्री प्राइम टोकाला मोकळी असते.

हे किती महत्त्वाचं आहे, त्याची एक चुणूक. आपल्या दहा अक्षरांत सातवं, आठवं, नववं सीएटी आहे. मजकुराच्या पेडावर फाइव्ह प्राइमकडून वाचलं तर ते हिस्टिडीन या अमिनो आम्लाचं नाव आहे. पण हीच तीन अक्षरं, याच दिशेने लिहिलेली, एखाद्या दुसऱ्या जनुकात साच्याच्या पेडावर (ज्यावरून आरएनएची नक्कल उतरते तो पेड; आरएनएत टीच्या जागी यू असतो) आली, तर त्यांच्यावरून बनणारा आरएनए फाइव्ह प्राइमकडून वाचला की एयूजी निघतो, म्हणजे ‘इथून सुरुवात करा’ ही खूण. करून बघा. अक्षरं तीच राहतात, पेड आणि दिशा बदलली की निरोप बदलतो.

चौथी पायरी: प्रतिलेखन

डीएनए केंद्रक सोडून जात नाही. त्याची कामापुरती नक्कल बाहेर जाते, ती म्हणजे एम-आरएनए. डीएनए आणि आरएनए यांत रचनेचे फरक थोडेच. आरएनएची साखर रायबोज आहे, तिच्या दुसऱ्या कार्बनवर एक जास्तीचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे आरएनए लवकर तुटतो. बहुधा एकपेडी असल्याने तो स्वतःवरच घड्या घालून आकारही घेतो. थायमिनच्या जागी युरॅसिल, म्हणजे टीच्या जागी यू. कामाची चिठ्ठी काम झालं की फाटावी, मूळ दस्तऐवज मात्र वर्षानुवर्षं टिकावा, म्हणून ही विभागणी फार समजूतदार वाटते.

आता एका लांब कागदी पट्टीवर मजकुराचा पेड आणि त्याखाली साचा लिहा. तीन-तीनची फोड आत्ताच करा:

मजकूर, फाइव्हपासून थ्रीकडे: एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी

साचा, थ्रीपासून फाइव्हकडे: टीएसी सीएसी जीटीए जीएसी टीजीए जीजीए सीटीसी सीटीसी

आरएनए पॉलिमरेज हे विकर दोन्ही पेड थोडेसे उघडतं, साच्याचा पेड थ्री प्राइमकडून वाचतं आणि समोर आरएनएची अक्षरं जोडत जातं. साच्यावर बोट ठेवा आणि खाली लिहा: टी समोर ए, ए समोर यू, सी समोर जी, जी समोर सी.

एम-आरएनए: एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी एसीयू सीसीयू जीएजी जीएजी

वरच्या ओळीशी ताडून बघा. टीच्या जागी यू, बाकी जसंच्या तसं. म्हणून प्रश्नात मजकुराचा पेड दिला असेल तर नुसते टी बदला आणि मोकळे व्हा. साचा दिला असेल तर जोड्या लावा. कोणता दिला आहे, हे प्रश्नात दोनदा वाचा.

मध्ये एक कात्रीचं काम उरतं. आपल्या जनुकात प्रथिनाचा मजकूर सलग नाही, तीन तुकड्यांत आहे. हे तुकडे म्हणजे एक्झॉन. मधले दोन इंट्रॉन, एक १३० अक्षरांचा, दुसरा ८५० चा, आधी आरएनएत उतरतात आणि मग छाटले जातात. छाटणीच्या खुणा ठरलेल्या असतात: इंट्रॉन बहुधा जीयूने सुरू होतो आणि एजीने संपतो. आपल्या जनुकात पहिली छाटणी तर एका कोडॉनच्या, म्हणजे एका आम्लाच्या तीन अक्षरी शब्दाच्या, पोटातच होते. पहिल्या तुकड्याच्या शेवटी ‘एजी’ उरतं, दुसऱ्याच्या सुरुवातीला ‘जी’ असतं, आणि दोन्ही जुळल्यावर एजीजी, म्हणजे आर्जिनिन, तयार होतं. छाटणी एका अक्षराने चुकली तर पुढचं सगळं कोसळेल. शिवाय पुढच्या टोकाला टोपी आणि मागे ए-ए-ए अशी लांब शेपटी लागते, मग एम-आरएनए केंद्रकाबाहेर पडतो.

पाचवी पायरी: तीन-तीनने का वाचायचं?

चार अक्षरं आणि वीस अमिनो आम्लं. दोन-दोनची जुळणी केली तर १६ शब्द होतात, ते अपुरे. तीन-तीनची केली तर ६४, पुरून उरतात. हा तर्क झाला. पुरावा १९६१ पासून येत गेला. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी नुसत्या यू-यू-यूचा आरएनए दिला, तेव्हा नुसत्या फिनिलअ‍ॅलनिनची साखळी मिळाली. मग आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबातल्या रायपूर गावी जन्मलेले हरगोविंद खोराना यांनी ठरावीक पुनरावृत्तीचे आरएनए बनवले. त्यांतला एक इतका बोलका आहे की मी तो प्रत्येक वर्षी मुलांकडून लिहवून घेते: यूजीयूजीयूजीयूजीयूजीयूजी. दोन-दोनने फोडलात तर यूजी, यूजी, यूजी, एकच शब्द. तीन-तीनने फोडलात तर यूजीयू, जीयूजी, यूजीयू, जीयूजी, दोन शब्द आलटून-पालटून. प्रयोगात साखळी आली सिस्टिन, व्हॅलिन, सिस्टिन, व्हॅलिन. १९६८ चं नोबेल खोराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना मिळालं.

वाचनाची ही तीन-तीनची चौकट घसरली तर काय होतं, हे मराठीतच बघा. तीन-तीन अक्षरांचे शब्द:

गणेश सकाळी तलाव पाहतो

‘का’ गाळा आणि तरीही तीन-तीननेच वाचा: गणेश सळीत लावपा हतो. एक अक्षर गेलं आणि तिथून पुढचं सगळं निरर्थक झालं. आता सबंध ‘सकाळी’ काढा: गणेश तलाव पाहतो. तीन अक्षरं गेली तरी वाक्य उभं आहे. आणि एकच अक्षर बदला, ‘तलाव’मधल्या ‘व’ऐवजी ‘ठी’: गणेश सकाळी तलाठी पाहतो. वाक्य अर्थपूर्ण राहिलं, पण गणेश मासुंदा तलावाऐवजी तलाठ्याच्या कचेरीकडे निघाला. उत्परिवर्तनाचे तीन मोठे प्रकार तुमच्या हातात आले.

सहावी पायरी: भाषांतरण

रायबोझोम म्हणजे एम-आरएनए वाचून प्रथिनाची साखळी जोडणारं यंत्र. त्याच्या रचनेच्या अभ्यासासाठी तमिळनाडूतल्या चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ मध्ये टॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांच्यासह नोबेल मिळालं. पण भाषा खरी कोण बदलतं? मुलं रायबोझोमचं नाव घेतात. माझं उत्तर वेगळं आहे. टी-आरएनए म्हणजे आम्ल वाहून आणणारा छोटा आरएनए. त्याच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारा तीन अक्षरांचा अँटिकोडॉन असतो आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. योग्य टी-आरएनएला योग्य आम्ल जोडणारी विकरं आपल्या पेशीत वीसही आम्लांसाठी असतात. अक्षर आणि आम्ल यांची सांगड तिथेच बसते. तिथे चूक झाली, तर रायबोझोम ती तपासत बसत नाही. तो फक्त कोडॉन आणि अँटिकोडॉन जुळतात का, एवढंच बघतो.

कोडॉनचा तक्ता पुढ्यात घ्या. तो पाठ करायची गरज नाही, परीक्षेत लागेल तेवढा वापराने बसतो. सीसी, जीजी, जीयू, एसी, जीसी यांनी सुरू होणाऱ्या कोडॉनमध्ये तिसरं अक्षर कोणतंही चालतं, आम्लं अनुक्रमे प्रोलिन, ग्लायसिन, व्हॅलिन, थ्रिओनीन, अ‍ॅलनिन. एयूजी ही सुरुवात आणि मेथिओनीनही. यूएए, यूएजी, यूजीए या तिघी थांबण्याच्या खुणा. उरलेली मिळून ६१ कोडॉन आम्लांची.

आता आपली पट्टी वाचा. एयूजी मेथिओनीन. जीयूजी व्हॅलिन. सीएयू हिस्टिडीन. सीयूजी ल्युसिन. एसीयू थ्रिओनीन. सीसीयू प्रोलिन. जीएजी ग्लुटामिक आम्ल. जीएजी पुन्हा ग्लुटामिक आम्ल. प्रत्येक आम्लाची एक छोटी चौकट कापा आणि पट्टीवर ओळीने चिकटवा. साखळी पूर्ण झाल्यावर अशा दोन बीटा आणि दोन अल्फा साखळ्या एकत्र येतात आणि हिमोग्लोबिनचा एक रेणू बनतो. अल्फाचं जनुक वेगळं, सोळाव्या गुणसूत्रावरचं. एका लाल पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू असतात.

सातवी पायरी: सातव्या कोडॉनवर थांबा

इथे घाई करू नका. पट्टीवरचं सातवं कोडॉन जीएजी, त्यात पेन्सिलीने एकेक अक्षर बदला आणि पुन्हा वाचा.

तिसरं अक्षर ए करा: जीएए. तक्त्यात बघा, तेही ग्लुटामिक आम्लच. रक्तावर काही परिणाम नाही. पहिलं अक्षर यू करा: यूएजी, थांबा. साखळी सहा आम्लांवर तुटली. पहिलं अक्षर ए करा: एएजी, लायसिन. हे हिमोग्लोबिन-सी, मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत आढळणारं. आणि मधलं अक्षर यू करा: जीयूजी, व्हॅलिन. हाच सिकलसेल.

काही वर्षांपूर्वी शहापूरकडून लोकलने येणारा एक मुलगा इथेच थांबला होता. त्याच्या मामेभावाला सिकलसेल आहे, घरात सगळे ‘रक्त कमी आहे’ एवढंच म्हणायचे. त्याने खोडरबराने ‘ए’ पुसला, ‘यू’ लिहिला, पट्टीकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “ताई, एवढंच?” मी म्हटलं, “हो रे, एवढंच.” मग त्यानेच विचारलं की एका आम्लाने पेशी वाकडी कशी होते, आणि तो प्रश्न फार योग्य होता.

ग्लुटामिक आम्लावर भार असतो, त्याला पाणी आवडतं, रेणूच्या बाहेरच्या बाजूला ते सुखाने राहतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून लपायला बघतं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते. व्हॅलिन त्यात जाऊन बसतं. रेणूला रेणू चिकटत लांब तंतू होतात, ते पेशीला आतून ताणतात आणि ती विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, वेदना होतात, आणि लवकर मरतात, म्हणून रक्त कमी पडतं. हा रेणूचाच आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं, आणि नेमकं आम्ल कोणतं बदललं ते व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं. पुस्तकात याला सहावं आम्ल म्हणतात, आपल्या पट्टीवर ते सातवं येतं. पहिलं मेथिओनीन साखळीवरून नंतर काढलं जातं, म्हणून हा फरक. गोंधळू नका.

महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, गोंड अशा आदिवासी समाजांत सिकलसेल जास्त आढळतो. केंद्र सरकारचं निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि उद्दिष्ट २०४७ चं आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यात दुसरी बाजूही आहे. उल्हासनगरात सिंधी समाज मोठा, आणि त्या समाजात बीटा-थॅलेसेमियाचे वाहक, म्हणजे जनुकाची एक प्रत बिघडलेली असलेली माणसं, तुलनेने जास्त असतात. आजार याच जनुकाचा, पण बिघाड वेगळ्या जागी. भारतात सर्वाधिक आढळणारा बिघाड पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरावर आहे. तो इंट्रॉन जीटीटीजीजी असा सुरू होतो, त्यातल्या पाचव्या जीचा सी होतो. प्रथिनाच्या मजकुरातलं एकही अक्षर बदललेलं नसतं, फक्त छाटणीची खूण पुसट होते, योग्य एम-आरएनए फार कमी बनतो आणि बीटा साखळी पुरत नाही.

म्हणून शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही मी सांगते: लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, एचपीएलसी ही रक्ताची चाचणी करून घ्या. त्यात हिमोग्लोबिन-ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर डॉक्टर वाहक असण्याची शक्यता तपासतात. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. पण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते की मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील.

आठवी पायरी: आता एकट्याने

पट्टीला पुढचा तुकडा जोडा. मजकुराचा पेड देते: एएजी टीसीटी जीसीसी जीटीटी एसीटी. साचा लिहा, एम-आरएनए लिहा, आम्लं लावा. लायसिन, सेरीन, अ‍ॅलनिन, व्हॅलिन, थ्रिओनीन आली तर हात बसला. वेगळं आलं तर बहुतेक वेळा दोनच कारणं सापडतात: आरएनएमध्ये टी तसाच राहिला, किंवा कोडॉन एम-आरएनएऐवजी साच्यावरून शोधलं. तक्ता कायम एम-आरएनएचा असतो.

मग मधली बरीच पट्टी मोकळी सोडा, पहिल्या एक्झॉनच्या उरलेल्या भागाची आणि दुसऱ्या-तिसऱ्या एक्झॉनची. शेवटी ही नऊ अक्षरं चिकटवा: टीएटी सीएसी टीएए. पहिल्या तीनवर टायरोसिन येतं, पुढच्या तीनवर हिस्टिडीन. टीएए म्हणजे आरएनएत यूएए. त्याला जुळणारा टी-आरएनए पेशीत नाही, तिथे आम्लाऐवजी साखळी सोडवणारं प्रथिन येऊन बसतं आणि रायबोझोम वेगळा होतो. हिस्टिडीनच्या चौकटीनंतर कात्री लावा. मोजणी १४७ वर थांबते, मेथिओनीन काढलं की १४६.